पानी आन

नायगाव,
५ जानेवारी २०२६

ऋतिका,

काल बोळिंजहून, तुझ्या घरून निघालो आणि नायगावला पोचायच्या आत व्हॉट्सॲपवरचा ग्रुप सोडला. खराखुरा ग्रुपही सोडला, हे या पत्राने कळवतो. फोन करू नकोस. फोनवर तू तीन मिनिटांत माझ्याकडून हो म्हणवून घेतेस, दोन वर्षं हेच चाललंय. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

मला वीट आलाय. या नावाच्या प्रकरणाचा. सहा महिने चार धडधाकट माणसं दर रविवारी तुझ्या आईचे पोहे खातात, तीन तास घसा फोडतात आणि नाटकाच्या ग्रुपला एक नाव देऊ शकत नाहीत. आधी विघ्नेशने 'हास्य'चा कारखाना काढला. हास्यधारा, हास्यमेवा, हास्यस्फोट. असली नावं वाचून कोणाला हसू येत असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. मग खुशीचं 'तडका'. नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत तडका नावाच्या पाट्या बघत ये एकदा, त्यात एक पंक्चर काढणाराही आहे. मग 'विरार फास्ट'. ते ऐकल्यावर मी उठून तोंड धुवून आलो, तुला आठवत असेल. सलून विरार फास्ट, वडापाव विरार फास्ट, क्रिकेटची टीम विरार फास्ट. इथे राहणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचूच नये असा कायदा आहे का?

आणि यातलं एकही नाव आपल्याला फेकून देता आलं नाही, कारण आपला तो सोवळ्यातला नियम. इम्प्रोव्ह म्हणजे लिहिलेलं काही नाही, प्रेक्षक शब्द देणार आणि आपण उभ्या उभ्या त्याचं नाटक करणार. तेव्हा समोरून येईल त्याला नाही म्हणायचं नाही, 'हो, आणि' म्हणून पुढे न्यायचं. स्टेजवर ठीक आहे. पण तू तो नियम मीटिंगमध्ये आणलास. कोणाच्याही नावाला नाही म्हणायचं नाही! म्हणून वहीत एकशे चौदा नावं जमली आणि खोडता एकही येईना. मूर्खपणाला शिस्त लावली की काय होतं ते त्या वहीत बघावं.

आणि काल शेवटी काय ठरलं? 'पानी आन'. पाण्याच्या टँकरवर लिहावं असलं नाव. हे पोस्टरवर छापणार, लोकांना सांगणार, की आम्ही 'पानी आन'वाले. मला शिसारी येते. हे नाव राहणार असेल तर मी नाही, आणि का, ते वर लिहिलं आहे.

लेस्टर

ता. क. पप्पा बरे आहेत. तू विचारशीलच म्हणून.


बोळिंज, विरार (प.),
९ जानेवारी

लेस्टर,

पाकीट आलं तेव्हा आईला वाटलं तुझ्या लग्नाची पत्रिका आली. तिने हात पुसून उघडलं. आता ती मला विचारते, 'त्याला माझे पोहे आवडत नाहीत काय?' तिची समजूत तू काढ.

वीट तुला एकट्यालाच येतो असं समजू नकोस. मलाही आलाय, तुझ्या नाक मुरडण्याचा. तुझ्या पत्रात विघ्नेश मूर्ख, खुशी मूर्ख, मी तर मूर्खांची मुख्याध्यापिका. फक्त एक माणूस शहाणा आणि तो नायगावला पाय आपटत बसलाय.

तू जे गाळलंस ते मी लिहिते. गेल्या शनिवारी तुमच्याच नायगावात, नव्या टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये, प्रयोग झाला. त्याआधीच्या सहा प्रयोगांत टाळ्या कोणी वाजवल्या? आपल्याच आत्या, मावश्यांनी. या वेळी टॉवरवाले पुढे आणि तुमच्या गावातली मंडळी मागे अशी भरगच्च गर्दी. मी म्हटलं, 'एक वाक्य द्या, कुठलंही.' मागून एक जाडेसे गृहस्थ उठले आणि ओरडले, 'पानी आन!' मागच्या चार रांगा हसून फुटल्या. अजून आपण काहीच केलं नव्हतं! आणि तू पुढे झालास. खुर्चीवर बसलास, एका म्हाताऱ्याचा आवाज लावलास आणि सात मिनिटं नुसतं पाणी मागितलंस. दरडावून, लाडीगोडीने, वकिलासारखं, मग देवाकडे हात करून. आम्ही तिघं विंगेत हसून एकमेकांच्या अंगावर पडत होतो. दोन वर्षांत आपल्याला पहिल्यांदा खरा हशा मिळाला, आणि तो तू मिळवलास. टॉवरवाल्यांनी तिथल्या तिथे पुढचा प्रयोग मागितला. ७ फेब्रुवारी, तिकीट लावून. असं नाव आपण दुसरीकडे कुठे शोधणार होतो? दुसऱ्या कोणाकडे ते नाही, इथल्या मातीतलं आहे, आणि एकदा ऐकलं की विसरत नाही.

आणि रविवारी पहिला 'हो, आणि' कोणाचा होता? तुझा. 'हो, आणि पोस्टरवर तांब्या असू दे.' वहीत आहे, तुझ्याच अक्षरात. मग घरी पोचायच्या आत असं काय झालं?

मी सांगू? तुला तुझ्या घरच्या बोलीची लाज वाटते. पानी, लोनी, कोन. स्टेजवर दुसऱ्याचं म्हणून बोलताना मजा येते, पण तेच आपल्या नावावर लागायची वेळ आली की टँकर आठवतो. आम्ही कणकवलीची माणसं. आई आजही भाजीवाल्याशी मालवणीत भांडते आणि जिंकते. बोलीला शिसारी म्हणणारा माणूस मला किळसवाणा वाटतो, लेस्टर. तू तसा असशील असं वाटलं नव्हतं.

विघ्नेशने बॅनर छापायला दिलाय. उद्या लागेल, क्लबहाऊसच्या गेटवर.

ऋतिका


नायगाव,
१४ जानेवारी

ऋतिका,

बॅनर पाहिला. बारा फूट लांब, निळा, त्यावर तांब्या. पप्पांनीही पाहिला. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला ते त्याच गेटवरून चालत जातात. शनिवारपासून ते मागच्या बाजूने, खाडीच्या बांधावरून जातात. वीस मिनिटांचा फेरा पडतो आणि बांधावर चिखल असतो. चपला बाहेरच्या नळावर धुवून मग घरात येतात.

बोलीची लाज म्हणालीस. तोंडात मारल्यासारखं झालं. आता ऐक.

'पानी आन' हे माझ्या बापाचं नाव आहे. गावात प्लासिड म्हटलं तर लोक विचारतील, कुठला प्लासिड? पानी आन म्हटलं की हात धरून आमच्या दारात आणून सोडतील. त्र्याण्णव साली चर्चच्या सणाला गावाने नाटक केलं होतं. पप्पा त्यात जमीनदार होते. धोतर, फेटा, हातात काठी. मिठागरावर काम करणारा माणूस एका संध्याकाळपुरता जमीनदार. दुसऱ्या अंकात ते खुर्चीवर बसले, नोकराला म्हणाले, 'पानी आन', आणि पुढचं विसरले. मग तेच म्हणत राहिले. पाच मिनिटं, सात मिनिटं, दहा मिनिटं, सांगणारा असेल तसा आकडा वाढतो. शेवटी पडदा पाडावा लागला. तेव्हापासून हे नाव. मी जन्मायच्या आधीपासून. शाळेत मी 'पानी आनचा'. मामाच्या मयतीला पप्पा शवपेटीला खांदा द्यायला पुढे झाले, तेव्हाही मागून कोणीतरी हळूच म्हणालं आणि लोक रुमालात हसले. हसणाऱ्यांची मला तेव्हापासून किळस आहे, आणि मी कॉमेडी करतो. बघ कसं आहे.

पप्पांनी त्यानंतर नाटक केलं नाही, पाहिलंही नाही. आणि घरात ते कोणालाच पाणी आणायला सांगत नाहीत. आईला नाही, मला नाही, तापाने फणफणले तरी नाही. उठतात आणि स्वतः माठातून घेतात. मला वाटायचं सगळ्यांचेच बाप असे असतात.

तो जाडा गृहस्थ म्हणजे मार्सेल अंकल. आमच्या शेजारचे, पप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. हे नाव सगळ्यात जास्त तेच ओरडतात. लग्नात, क्रिकेटच्या मॅचला, कुठेही.

आता जे तुला माहीत नाही ते. त्या शनिवारी पप्पा आले होते. पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मीच बोलावलं होतं, महिनाभर मागे लागून. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी. मार्सेल अंकल ओरडले आणि मी पप्पांकडे पाहिलं. मग मला आपला नियम आठवला. मिळालं ते घ्यायचं. मी घेतलं. तो म्हाताऱ्याचा आवाज तू म्हणतेस, तो त्यांचाच होता. मधे मला थांबायचं होतं, कसं ते कळेना. दोनदा विंगेकडे पाहिलं तर तुम्ही हसत होतात, म्हणजे चांगलं चाललं असणार असं धरलं. चौथ्या की पाचव्या मिनिटाला पप्पा उठले आणि बाहेर गेले. मी पाहिलं, आणि तरीही पुढे चालू ठेवलं. देवाकडे हात केले ते त्यानंतर. त्यालाच सगळ्यात मोठा हशा आला.

रविवारी हो का म्हणालो? कारण तुम्ही तिघं माझ्याकडे बघत होता. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. हो म्हटलं की कोणी काही विचारत नाही.

घरी ते याबद्दल एक अक्षर बोललेले नाहीत. 'मीठ दे' म्हणतात, 'पंखा बंद कर' म्हणतात. मला माझ्या तोंडाचीच घाण वाटते, कारण त्यातून तो आवाज निघाला. बॅनरचं काय करायचं ते करा.

लेस्टर


बोळिंज,
१९ जानेवारी

प्लासिड काका,
सा. न.

मी ऋतिका, लेस्टरच्या नाटकाच्या ग्रुपमधली. आपली भेट एकदाच झाली आहे, तुमच्या अंगणात, तुम्ही मला सुक्या मासळीचं पुडकं दिलं होतं.

क्लबहाऊसच्या गेटवरचा बॅनर आम्ही लावला. ते नाव तुमचं आहे हे मला दोन दिवसांपूर्वी लेस्टरच्या पत्रातून कळलं. मी तुम्हाला लिहिते आहे हे त्याला माहीत नाही. काका, माझं चुकलं. मी त्याला रागाने काहीबाही लिहिलं, त्याचीही मला लाज वाटते.

खरं तर पत्र इथेच संपायला हवं. पण ग्रुपचं एक म्हणणं तुमच्यापर्यंत पोचवायचं मी कबूल केलं आहे. प्रयोगाची तिकिटं याच नावावर गेली आहेत. विघ्नेश म्हणतो, तुमची परवानगी घेऊन नाव तसंच ठेवावं आणि प्रयोगाआधी स्टेजवर तुमचा सत्कार करावा. शाल, श्रीफळ. हे लिहायला माझं मलाच नको वाटतं आहे, पण विचारायचं ठरलं, म्हणून विचारते.

लेस्टरला वाटतं तुम्ही त्याच्यावर रागावून उठून गेलात. तो फार त्रासात आहे. त्याच्याशी बोलाल का?

आपली,
ऋतिका


नायगाव गाव,
२६ जानेवारी २०२६

चि. ऋतिकास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे. हल्ली कोणाचं नसतं.

शाल नको. श्रीफळ आमच्या वाडीत पडून वाया जातं. सत्काराचं ज्याला सुचलं त्याला सांग, माणसाच्या जखमेवर बसून वर त्यालाच हार घालायचा, हे मी एवढ्या वयात पहिल्यांदा ऐकलं. मला ते घाण वाटलं. तू विचारलंस म्हणून स्पष्ट लिहितो.

लेस्टरने तुला नाटकाची गोष्ट सांगितली असेल, गाव सांगतं तशी. मी काही विसरलो नव्हतो. माझं भाषण पुढे चार पानं होतं, आजही म्हणून दाखवीन. मी 'पानी आन' म्हटलं की नोकराने तांब्या घेऊन आत यायचं होतं. नोकर म्हणजे मार्सेल. तो आला नाही. मी पुन्हा म्हटलं. तरी आला नाही. तो आल्याशिवाय माझं पुढचं बोलणं सुरू होणार कसं? मग मी म्हणत राहिलो. रागावून म्हटलं, हसून म्हटलं, काठी आपटून म्हटलं. लोक हसत होते तोवर मला वाटलं, चला, वेळ निघतोय, येईल आता. बाजूला पाहिलं तर कनातीच्या फटीतून दिसला. पेंढ्याच्या गंजीला टेकून ओकत होता. भीतीने. पहिल्यांदाच स्टेजवर यायचं होतं त्याला.

पडदा पडल्यावर माझे पाय धरले त्याने. म्हणाला, 'प्लासिड, कोनाला सांगू नको.' पुढच्या आठवड्यात त्याचं लग्न होतं. गावाला कळलं असतं तर तो जन्मभर ओकरा मार्सेल झाला असता. त्या दिवशी कोणाला तरी नाव मिळणारच होतं. मी सांगितलं नाही. पुढे तोच सगळ्यांत आधी मला तसं हाक मारायला लागला, म्हणजे त्या वेळी तू कुठे होतास असं त्याला कोणी विचारू नये. आधी मला राग आला, मग किळस आली, आता काही येत नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर आम्ही एकत्र बसतो.

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुला का लिहितो? कारण तू माफी मागितलीस, पण नको त्या गोष्टीची.

मी उठून गेलो तो लेस्टरवर रागावून नाही. मार्सेल ओरडला तेव्हा वाईट वाटलं, पण त्याची मला सवय आहे. पोराने माझा आवाज चांगला काढला, जरा जाडा काढला इतकंच. मी बघत होतो. मग त्याने बाजूला पाहिलं. लोकांना ते नाटकातलं वाटलं असेल. मला लगेच कळलं. स्टेजवर एकटा पडलेला माणूस कसा बघतो ते मला शिकवावं लागत नाही. तुम्ही तिघं तिथे उभी होता. तुमच्यापैकी कोणी ओकत नव्हतं. तुमच्या नाटकात सामान लागत नाही म्हणे, रिकामा हात पुढे केला की तांब्या. मग एकजण तरी आत का गेलं नाही? त्याने दुसऱ्यांदा पाहिलं, तरी कोणी हललं नाही. मला ते बघवेना, म्हणून उठलो.

नाव देणार नाही. ते माझं आहे. आणि मी ते ज्या कामासाठी घेतलं, ते काम तुम्हाला जमलं नाही.

लेस्टरशी बोलायचं म्हणतेस. काय बोलायचं ते कळत नाही. तो माझ्या ताटाकडे बघतो आणि मान खाली घालतो.

बॅनर लवकर काढा. बांधावर पाय घसरतो.

प्लासिड


बोळिंज,
३१ जानेवारी

लेस्टर,

सोबत तुझ्या पप्पांचं पत्र आहे. मी त्यांना लिहिलं होतं, तुला न विचारता. त्यांनी जे लिहिलंय ते तुला दाखवू नये असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, मी चार वेळा वाचून पाहिलं. आधी ते वाच. मग हे.

बॅनर काल उतरवला. विघ्नेशने शिडी धरली, पण तोंड फुगवून. 'आता नाव काय?' म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. म्हणाला, 'बिननावाचं कोण बघायला येणार?' म्हटलं, नको येऊ देत. एकशे चौदा नावांची वही त्याच्या हातात दिली, काय करायचं ते कर म्हणून. खुशी रडली. तिला काकांचं पत्र वाचायला दिलं नाही, फक्त सांगितलं, तरीही रडली. क्लबहाऊसच्या सेक्रेटरींनी गेटवर कागद लावलाय, 'नाटक, शनिवारी, सहा वाजता'. मला तो फार बरा वाटला.

तुझ्या बोलीबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. ते लिहिताना मी स्वतःला फार हुशार समजत होते.

काकांना उत्तर लिहायला बसले. 'लेस्टर आमच्याकडे बघतोय हे आम्हाला कळलंच नाही, काका, हशा एवढा मोठा होता.' असं लिहिलं, वाचलं आणि फाडलं. कारण विघ्नेशला आणि खुशीला कळलं नसेल, ते खरंच हसत होते. मला कळलं होतं. दोन वर्षं मी तुझ्यासोबत काम करते आहे, तुझी ती नजर मला ओळखता येते. पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा मी एक पाऊल पुढे टाकलं होतं, तांब्या धरल्यासारखा हात केला होता. तेवढ्यात तो हशा आला. आपल्या ग्रुपला दोन वर्षांत कधी न मिळालेला. मला वाटलं, मी आत गेले तर हा तुटेल. सेक्रेटरी पहिल्या रांगेत होते, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्यांदा तू पाहिलंस तेव्हा मी मान वळवली आणि खुशीकडे बघून हसले. हसू येत नव्हतं, तरी हसले.

शनिवारी ये असं मी म्हणणार नाही. तू आलास तर मी विंगेत नसेन, प्रेक्षकांत बसेन, किंवा घरी राहीन. तुला माझ्यासोबत स्टेजवर उभं राहावंसं वाटणार नाही हे मला कळतं, मलाच वाटत नाहीये. तू लिहिलंस की आम्ही हसत होतो म्हणून तुला वाटलं चांगलं चाललंय. तसं नव्हतं. तू मदत मागत होतास आणि मला दिसलं होतं.

ऋतिका